'आधी पोट जाता': मेल्यानंतर शरीरातल्या जिवाणूंचं काय होतं?

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात कुणी गेलं की पहिला फोन मुंबईला जातो आणि दुसरा जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात. मुलगे-सुना मिळेल ती गाडी पकडून निघणार, पहाटे कणकवलीला उतरणार, तिथून रिक्षाने गावात येणार. तोवर बारा-चौदा तास काढायचे असतात. शेजारचे आबा गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. हवा अशी की उभ्या जागी घाम सुटावा. गोणपाटात गुंडाळलेल्या चार लाद्या टेम्पोतून आल्या. आम्ही दोन उशाला आणि दोन पायथ्याला मांडल्या, मखर सजवावं तशा.

पलीकडच्या काकी दारात बसून बघत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी टोपलीतून मासे विकले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पायांकडे बर्फ कित्याक लावतास? पोटार ठेवा. आधी पोट जाता."

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. न्यायवैद्यकाच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण असतं, त्याचा गाभा काकींनी तीन शब्दांत सांगितला होता. लाद्या फोडून पोटावर आणि कुशीला लावल्या. आधी पोटच का जातं, म्हणजे कुजतं, त्यानंतर काय जातं आणि सगळ्यात शेवटी काय उरतं, ते या लेखात सांगतो. विषय ऐकायला जड वाटेल, पण कोकणात मासे निवडून घेणाऱ्या माणसाला त्यातलं निम्मं आधीच ठाऊक असतं.

गडग्याच्या आतले आणि बाहेरचे

पहिला गैरसमज हा की मृत्यूनंतर जंतू बाहेरून येतात. माश्या येतात, त्यांच्या अळ्या येतात, मातीतलेही जिवाणू येतात, हे खरं. पण कुजण्याची सुरुवात करणारे असतात आतलेच, जन्मभर आपल्यासोबत राहिलेले.

ते किती? इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली नव्याने हिशेब केला. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी असतात सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरीचा मामला. (पूर्वी 'पेशींच्या दहापट जिवाणू' असं सर्रास छापलं जायचं. मीही वर्गात तेच सांगत असे.) संख्या एवढी प्रचंड, पण जिवाणू इतके बारीक की सगळ्यांचं मिळून वजन भरतं दोनशे ग्रॅमच्या आसपास. यातले बहुतेक सगळे राहतात मोठ्या आतड्यात.

आतडं म्हणजे शरीराच्या आत असलेलं बाहेरचं जग. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक लांबलचक बोळ, आणि त्या बोळाला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातलेला. गडग्याच्या अलीकडे जिवाणूंची जत्रा. पलीकडे यकृत, प्लीहा, हृदय, मेंदू. तिथे निरोगी माणसात जवळजवळ शुकशुकाट.

हा गडगा चिऱ्याचा नव्हे. आतड्याच्या आतल्या अस्तराची जाडी फक्त एका पेशीची. त्यावर चिकट श्लेष्माचा थर आणि मागे पहाऱ्याला रोगप्रतिकारक पेशी. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने बांधलं जातं. एखादा जिवाणू फटीतून पलीकडे गेलाच, तर आतड्यांकडून येणारं रक्त आधी यकृतात जातं आणि तिथल्या पेशी त्याला गिळून टाकतात. थोडक्यात, हा गडगा टिकतो तो त्याच्या रोजच्या डागडुजीमुळे, आणि डागडुजीला लागतो प्राणवायू.

हृदय थांबलं की हा पुरवठा काही मिनिटांत संपतो. पेशींमध्ये आम्ल साठतं, त्यांच्या आतल्या पाचकरसांच्या पिशव्या फुटतात आणि पेशी स्वतःलाच पचवू लागतात. याला स्वपचन म्हणतात. त्यात जिवाणूंचा काहीच हात नसतो. स्वादुपिंड आणि जठर यांत ते लवकर सुरू होतं, कारण पाचकरसांचं कोठारच तिथे आहे. मासळीबाजारात पोट फुटलेली तारली दिसते ना, ती बरेचदा याच कारणाने फुटलेली असते. भरपूर खाल्लेली तारली पकडली गेली की तिचे पाचकरस अन्न संपवून तिच्याच पोटाची भिंत पोखरतात.

स्वपचनाने दोन गोष्टी होतात. गडगा ढासळतो आणि पेशींतली साखर, प्रथिनांचे तुकडे, क्षार असं सगळं बाहेर सांडतं. पहारेकरी मेलेले, कुंपण पडलेलं आणि पानं वाढून ठेवलेली.

नीरा, माडी आणि पुढे

इथून पुढे जे घडतं त्याला क्रम असतो, आणि तो क्रम समजायला माडाकडे बघावं. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. दुपारपर्यंत यीस्टने साखर खाऊन तिची माडी केलेली असते. ती तशीच उघडी ठेवली तर काही दिवसांत दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलवर जगून तिचा शिरका करतात. पहिल्या बिऱ्हाडाने जे मागे टाकलं त्यावर दुसरं बिऱ्हाड उभं राहतं आणि जागा अशी बदलून टाकतं की पहिल्याला तिथे राहणं कठीण व्हावं.

मृत शरीरात पहिलं बिऱ्हाड असतं दोन्ही परिस्थितींत जगू शकणाऱ्या जिवाणूंचं. हवा असली तरी चालतं, नसली तरी चालतं. ई. कोलाय त्यातला, दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसचे भाऊबंदही त्यातलेच. ऊतींमध्ये उरलासुरला प्राणवायू हे वापरून टाकतात. तो संपला की दार उघडतं ते हवेत जगूच न शकणाऱ्या जिवाणूंना. त्यांचा म्होरक्या म्हणजे क्लॉस्ट्रिडियम.

या क्लॉस्ट्रिडियमकडे जरा थांबून बघायला हवं, कारण पुढची बरीचशी कामगिरी त्याची आहे. हवा असेल तेव्हा तो बीजाणू होऊन, टणक कवचात निपचित पडून राहतो. हवा संपली की जागा होतो. प्रथिनं तोडणारी, चरबी तोडणारी, पेशीपेशींमधला सांधा विरघळवणारी अशी नाना हत्यारं त्याच्याकडे आहेत. शिवाय वेग. त्याच्या परफ्रिंजेन्स या जातीची संख्या अनुकूल उबेत दहा मिनिटांच्या आत दुप्पट होते. दहा मिनिटांचाच हिशेब धरा. एका जिवाणूचे तासाभरात ६४ होतात आणि तीन तासांत अडीच लाखांवर. प्रत्यक्षात अन्न, आम्ल, जागा यांची अडचण येतेच, म्हणून हा वेग कायम राहत नाही. पण काकी बर्फासाठी घाई का करत होत्या ते या आकड्यातून कळतं.

त्यात आपली हवा. थंड मुलखात मृतदेह भराभर गार होतो. मे महिन्यात आमच्या ओटीवर रात्रीसुद्धा पारा अठ्ठावीस-तिशीच्या घरात. सदतीस अंशांचं शरीर तिशीच्या हवेत गार व्हायला फार वेळ घेतं. तेवढा वेळ पोट म्हणजे जिवाणू वाढवायची उबदार पेटीच. आम्ही प्रयोगशाळेत जिवाणू वाढवताना पेटीचा काटा मुद्दाम सदतीसवर ठेवतो, तेच तापमान.

कुठला अवयव कधी

कुजण्याची डोळ्यांना दिसणारी पहिली खूण म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, जांघेच्या वर येणारा हिरवट डाग. नेमका तिथेच का? तिथे मोठ्या आतड्याची सुरुवातीची रुंद पिशवी पोटाच्या भिंतीला अगदी लगटून असते आणि जिवाणूंनी भरलेली असते. त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जुळतो आणि हिरवा रंग तयार होतो. भारतातली न्यायवैद्यकाची पुस्तकं सांगतात की हा डाग उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत दिसतो आणि हिवाळ्यात एक-दोन दिवसांत. थंड युरोपात दोन-तीन दिवस तरी जातात. चाकरमानी पोचायला लागणारे चौदा तास नेमके या बारा ते अठराच्या मध्ये पडतात. बर्फाचा खटाटोप या चार-सहा तासांसाठी असतो.

आतड्यातून जिवाणूंना पुढे जायला तयार रस्ते असतात. रक्त वाहत नसलं तरी रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या जागेवर असतात. यकृताचा दोर आतड्याशी थेट बांधलेला, म्हणून यकृत लवकर सापडतं. जिवंतपणी जो नाका होता तोच आता हमरस्ता होतो. क्लॉस्ट्रिडियमच्या वायूने यकृत मधाच्या पोळ्यासारखं छिद्राछिद्राचं होतं. शवविच्छेदन करणारे डॉक्टर त्याला 'फेसाळ यकृत' म्हणतात. प्लीहाही मऊ आणि रक्ताने भरलेली, तीही लवकर जाते. मेंदू कवटीच्या पेटीत बंद असला तरी पाणी आणि चरबीने भरलेला, त्यामुळे तोही लवकर पातळ होतो. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं यांना वेळ लागतो. सगळ्यात शेवटपर्यंत टिकतात पुरुषाची पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी आणि गर्भ नसलेलं गर्भाशय. दोन्ही घट्ट विणीचे, तंतुमय, हाडांच्या कोंदणात खोल बसलेले आणि आतड्याच्या गर्दीपासून वेगळे पडलेले. देह ओळखू येण्यापलीकडे गेला असला तरी तो स्त्रीचा की पुरुषाचा, हे यामुळे अनेकदा सांगता येतं.

क्रम ठरवणारी गोष्ट जिवाणू हीच आहे, याचा एक पुरावा लिहिताना हात जड होतो. जन्मतःच मृत असलेल्या, एकदाही दूध न प्यायलेल्या बाळाचा देह मोठ्यांपेक्षा सावकाश कुजतो आणि तोही बाहेरून आत. त्याच्या आतड्यात अजून कुणी वस्तीला आलेलंच नसतं.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. रक्तात जंतुसंसर्ग पसरून गेलेल्या माणसाच्या अवयवांत जिवाणू मृत्यूआधीच पोचलेले असतात, तिथे सगळं झपाट्याने होतं. आणि आयसीयूत बरेच दिवस प्रतिजैविकं घेतलेल्या रुग्णाच्या आतड्यातली वस्तीच वेगळी झालेली असते.

बाजारात हेच

काकींना हे शरीरशास्त्र माहीत असायचं कारण नाही, पण मासा तोच धडा रोज देतो. ताज्या बांगड्याचं मांस आतून निर्जंतुक असतं. जिवाणू असतात तीन ठिकाणी: अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. म्हणून पारखणारी बाई कल्ला उचलून लाली बघते आणि पोटावर अंगठा दाबते.

समुद्रातला मासा खारटपणाशी जुळवून घेण्यासाठी अंगात एक रसायन बाळगतो. ते वासहीन असतं. मासा मेल्यावर प्राणवायू संपतो आणि जिवाणू त्या रसायनातला प्राणवायू वापरून श्वसन करतात. उरतं ते ट्रायमिथाइल अमाइन, म्हणजे आपण ज्याला माशाचा वास म्हणतो तो. हवा संपली की दुसरी सोय शोधायची, हीच युक्ती माणसाच्या पोटातले जिवाणूही करतात. सारात कोकमाचं आगळ पडलं की हा वास मरतो, कारण आम्लामुळे त्या अमाइनचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. मुशी-मोरीला येणारा अमोनियाचा झणका याहून निराळा. त्या माशांच्या अंगात युरिया असतो आणि जिवाणू त्याचा अमोनिया करतात.

एक सावधगिरीची गोष्ट ओघात सांगतो. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. बर्फाविना राहिले तर काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते खाल्लं की तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात, आणि लोक म्हणतात 'मासा बाधला'. हिस्टामिन उकळूनही जात नाही, तळूनही जात नाही.

बर्फाबद्दलही एक गंमत आहे. आपल्या गरम समुद्रातला मासा बर्फात युरोपच्या थंड समुद्रातल्या माशापेक्षा जास्त दिवस टिकतो. तिकडच्या माशावरचे जिवाणू थंडीला सरावलेले असतात, आपल्याकडचे उबेला. शून्य अंशावर आपले जिवाणू गारठून बसतात.

हजेरीपट

जुन्या पद्धतीत अवयवाचा नमुना घ्यायचा, थाळीत पेरायचा आणि काय उगवतं ते बघायचं. पण बहुतेक जिवाणू थाळीत उगवतच नाहीत, विशेषतः हवेला घाबरणारे. मग हजेरी घ्यायची कशी? प्रत्येक जिवाणूत १६एस नावाचा एक जनुक असतो. त्याचे काही भाग सगळ्यांत सारखे आणि काही भाग जातीगणिक वेगळे असतात. नमुन्यातला सगळा डीएनए काढून त्यातला हा एकच तुकडा वाचला की कोण कोण हजर होतं त्याची यादी मिळते. जिवंत असो वा मेलेला, उगवणारा असो वा नसो.

ही पद्धत वापरून अमेरिकेतल्या अलाबामा स्टेट युनिव्हर्सिटीच्या गुलनाज जावन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ११ मृतदेहांच्या रक्ताचा, यकृताचा, प्लीहेचा, हृदयाचा आणि मेंदूचा अभ्यास मांडला. मृत्यूनंतर अवयवांत उभ्या राहणाऱ्या या वस्तीला त्यांनी थॅनॅटोमायक्रोबायोम असं नाव दिलं. ग्रीकमध्ये थॅनॅटोस म्हणजे मृत्यू. मृत्यूला थोडाच वेळ झालेल्या देहांत लॅक्टोबॅसिलससारखे, तर जास्त वेळ गेलेल्या देहांत क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू जास्त आढळले. २०१६ साली याच गटाने २७ देह तपासले. मृत्यूनंतरचा काळ साडेतीन तासांपासून २४० तासांपर्यंतचा होता. वस्ती काळानुसार बदलते, अवयवानुसार बदलते आणि स्त्री-पुरुषांतही फरक दिसतो, असं त्यात निघालं.

मग पोलिसांच्या कामाचा प्रश्न येतो: यावरून मृत्यू कधी झाला ते सांगता येईल का? कोलोरॅडोच्या जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उंदरांवर हे करून पाहिलं. ४८ दिवसांच्या काळात अंदाज सुमारे तीन दिवसांच्या फरकाने जुळला. पुढे देहदान केलेल्या ३६ माणसांचे मृतदेह टेनेसी, टेक्सस आणि कोलोरॅडो इथल्या खुल्या संशोधन केंद्रांत ठेवून, त्यांच्या कातडीवरचे आणि त्याखालच्या मातीतले जिवाणू २१ दिवस रोज टिपले गेले. तो अभ्यास २०२४ साली छापून आला. तीन ठिकाणची हवा वेगळी, माती वेगळी, तरी कुजण्यात भाग घेणारी जिवाणूंची आणि बुरशींची एक टोळी सगळीकडे सारखी निघाली. त्यातले बरेच जण एरवी मातीत क्वचितच दिसतात. ते माश्यांसारख्या कीटकांच्या अंगावरून येत असावेत. इथेही अंदाज तीन दिवस इकडेतिकडे.

तीन दिवसांचा फरक तीन आठवड्यांच्या देहासाठी उपयोगाचा आहे. कालपरवाच्या देहासाठी नाही. वर्तमानपत्रं याला 'जिवाणूंचं घड्याळ' म्हणतात. मला ते कॅलेंडर वाटतं.

आपल्या हवेचं गणित

तरी आपल्यासारख्या मुलखाला या कॅलेंडरची गरज जास्त आहे. पहिल्या दिवसाचा काळ ठरवायची जुनी रीत म्हणजे देह किती गार झाला ते मोजणं. कोकणात हवा आणि देह यांच्यात सहा-सात अंशांचाच फरक असेल तर त्या मोजणीत जीव राहत नाही. दुसरा जुना ठोकताळा बर्लिनच्या योहान कास्पर यांचा, एकोणिसाव्या शतकातला: उघड्या हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि जमिनीखालचे आठ. आपल्याकडे वैद्यकीच्या मुलांना तो आजही पाठ करायला लावतात. पण बर्लिनची हवा आणि वेंगुर्ल्याची हवा एक नव्हे.

म्हणून आता संशोधक दिवसांऐवजी 'अंश-दिवस' मोजतात. म्हणजे दर दिवसाचं सरासरी तापमान घ्यायचं आणि बेरीज करत जायचं. आंबा अढीत घालणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. तो तारीख बघत नाही, उष्मा बघतो. मे महिन्यातल्या ३० अंशांच्या एका दिवसाचे होतात ३० अंश-दिवस. शवागारातल्या ४ अंशांच्या पाच दिवसांचे मिळून होतात २०. आबांचा ओटीवरचा एक दिवस बर्फाविना गेला असता तर तो शवागारातल्या आठवड्याच्या बरोबरीचा ठरला असता. आणि लादी अंगाच्या ज्या भागाला टेकते तेवढाच भाग गार करते, म्हणून ती कुठे ठेवायची याला महत्त्व.

समुद्राचा हिशेब आणखी निराळा. बुडालेला देह आधी तळाशी जातो. पोटात आणि छातीत वायू साठला की वर येतो. "तिसऱ्या दिसा वर येतला," असं आमच्याकडचे खलाशी सांगतात आणि शोधायला तेव्हा होडी काढतात. पाणी कोमट असेल तर त्याआधीही येतो, गार आणि खोल असेल तर उशिरा. हे सगळं आतड्यातल्या जिवाणूंच्या वायूवर चालतं. ओल फार आणि हवा नाही, अशा जागी कधीकधी उलटंच होतं. जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइमांनी) चरबीचं रूपांतर मेणासारख्या पांढुरक्या पदार्थात होतं, आणि त्या मेणावर पुढच्या जिवाणूंचं काही चालत नाही. देह मग बराच काळ तसाच राहतो.

२०२१च्या जुलैत महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी 'आता साथ येणार' अशी भीती नेहमी पसरते. ती बहुतांशी निराधार असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही हे वारंवार सांगितलं आहे. कुजवणारे जिवाणू आणि साथ पसरवणारे जंतू वेगळे. कॉलरासारख्या आजाराने गेलेल्यांची गोष्ट निराळी, आणि पिण्याच्या पाण्यात देह पडलेला असेल तर ते पाणी वापरू नये हे उघड आहे. पण घाईघाईने, ओळख न पटवता देह पुरून टाकायला रोगाची भीती हे कारण पुरत नाही.

मिठाची बरणी आणि डोळ्यातलं पाणी

शवविच्छेदनानंतर 'व्हिसेरा राखून ठेवला' असं बातमीत वाचतो. म्हणजे जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे भाग बरणीत घालून रासायनिक तपासणीला पाठवायचे. विषाचा शोध लागेपर्यंत ते कुजता कामा नयेत. बहुतेक वेळा ते ठेवतात मिठाच्या संपृक्त पाण्यात, म्हणजे आणखी मीठ विरघळणारच नाही इतक्या खाऱ्या पाण्यात. खारवलेला बांगडा आणि व्हिसेऱ्याची बरणी यांचं तत्त्व एकच: मीठ जिवाणूच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. यालाही अपवाद आहेत. खाऱ्या माशावर कधीकधी गुलाबी छटा धरते, ती मिठातच रमणाऱ्या सूक्ष्मजीवांची. मिठागराच्या पाण्याला लाली आणणारे त्यांचेच नातलग.

रक्ताची गोष्ट मात्र नाजूक आहे, आणि इथे माडी परत येते. मृत शरीरात साखर असते आणि ती खाऊन अल्कोहोल करणारे यीस्ट आणि जिवाणूही असतात. म्हणजे आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाच्या रक्तातही, देह गरम हवेत एक-दोन दिवस पडला असेल तर, अल्कोहोल सापडू शकतं. वाहन चालवताना रक्तात चालणारी मर्यादा आपल्याकडे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. ती ओलांडण्याइतकं अल्कोहोल नुसत्या कुजण्यातून तयार होऊ शकतं. घाटात गाडी दरीत गेली, देह दोन दिवसांनी मिळाला, अहवालात अल्कोहोल आलं, आणि घरचे लोक विम्याच्या खिडकीशी रडकुंडीला आले, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की हे अल्कोहोल प्यायलेलं की पोटात पिकलेलं.

त्यासाठी दोन उपाय आहेत. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालायचं, म्हणजे बाटलीत तरी नवं अल्कोहोल तयार होत नाही. आणि रक्ताबरोबर डोळ्यातलं पाणी घ्यायचं. अश्रू नव्हे, बुबुळामागे भरलेला काचेसारखा पातळ गर. तो बंद गोळ्यात असतो, आतड्यापासून लांब असतो आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जिवाणू तिथे उशिरा पोचतात. माणूस प्यायला असेल तर अल्कोहोल दोन्हींत सापडतं. रक्तात आहे पण डोळ्यात नाही, असं निघालं तर ते बहुधा मागाहून तयार झालेलं. तेव्हा असा अहवाल हातात आला की त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: देह किती तासांनी मिळाला, रक्त शरीराच्या कुठल्या भागातून घेतलं, आणि डोळ्यातलं पाणी तपासलं होतं का.